सोबत आधी मरते

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागलेल्या दिवसांत सह्याद्रीतल्या एखाद्या सदाहरित रानात सकाळी जाऊन उभे राहावे, तर पहिला अर्धा तास बहुधा काहीच घडत नाही. पानांवरचे दव ठिबकत असते, दूर कुठे तांबटाचे ठोके ऐकू येतात, आणि वाटते की या रानात पाखरेच उरली नाहीत. मग एकाएकी डोक्यावरची झाडे हलू लागतात. शेंड्यांवरून निखारांची लाल-पिवळी टोळी सरकते. तिच्याखाली हिवाळ्यापुरते उत्तरेतून आलेले पर्ण वटवटे पानामागून पान धुंडाळतात. शिलींध्री बुंध्यावरून डोके खाली करून उतरते आणि सालीच्या भेगा तपासते. शेपटीचा पंखा उघडत-मिटत नाचण खालच्या झुडपांत गिरक्या घेते. सुतार वठलेल्या फांदीवर चोच आपटतो. आणि या सर्वांच्या जरा मागे, मोकळ्या फांदीवर, शेपटीची दोन लांब तारेसारखी पिसे लोंबती ठेवून एक काळा पक्षी बसलेला असतो. तो भृंगराज, कोतवालांच्या कुळातला. पंधरा-वीस मिनिटांत हा सगळा मेळा पुढच्या ओढ्याकडे निघून जातो आणि रान पुन्हा मुके होते.

एका जातीची पाखरे थवा करून राहतात हे सहज पटते. पण ज्यांचे अन्न वेगळे, घरटे वेगळे, बोली वेगळी, ज्यांच्यात नाते जुळण्याची शक्यताच नाही, अशा दहा-बारा जातींनी दिवसचे दिवस एकमेकांच्या सोबतीने का हिंडावे? प्रश्न पक्षिनिरीक्षकाच्या हौसेचा वाटतो. तरी माणूस तो निदान दोन हजार वर्षे विचारत आला आहे, आणि प्रत्येक काळाने त्याला आपापल्या स्वभावाचे उत्तर दिले आहे. नीतीचा विचार करणाऱ्या काळाला या सोबतीत मैत्री दिसली, स्पर्धेने झपाटलेल्या काळाला ती दिसलीच नाही, आणि हिशेबी काळाने तिच्यातला नफातोटा मांडला. त्या उत्तरांचा इतिहास आज पुन्हा वाचायचा तो एवढ्यासाठी की, ज्या काळात या सोबतीचे सर्वांत नेमके ज्ञान माणसाच्या हाती आले त्याच काळात ती झपाट्याने मोडते आहे, आणि ती मोडल्याची नोंद करण्याची कोणतीही रीत आपण घालून घेतलेली नाही.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मध्य भारतात भारहुतचा स्तूप उभा राहिला, तेव्हा त्याच्या कठड्यावर शिल्पकारांनी एक जातककथा कोरली. हरीण, सुतारपक्षी आणि कासव एका तळ्याकाठी राहतात. हरीण पारध्याच्या चामड्याच्या फासात सापडते. कासव दातांनी वादी कुरतडत बसते आणि सुतार पारध्याच्या दारात अपशकुन करून त्याची वाट लांबवतो. पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रात, मित्रलाभात, हीच कल्पना विस्ताराने येते. लघुपतनक कावळा, हिरण्यक उंदीर, मंथरक कासव आणि चित्रांग हरीण असे चौघे मित्र. कासव पारध्याच्या हाती लागते, तेव्हा हरीण पाण्याकाठी मेल्याचे सोंग घेऊन पडते, कावळा त्याचे डोळे टोचण्याचा आविर्भाव करतो, लोभावलेला पारधी कासव खाली टाकून तिकडे धावतो, आणि तेवढ्यात उंदीर कासवाची बंधने तोडतो. लहानपणी या कथेचे तात्पर्य म्हणून मैत्रीचा महिमा आपण पाठ केला. पण कथेची रचना मैत्रीहून बारीक गोष्ट सांगते. चौघेही उंदीर असते तर आकाशातून टेहळणी कोणी केली असती? चौघेही कावळे असते तर दोर कोणी कुरतडला असता? संकटातून सुटका झाली ती चौघे एकसारखे नव्हते म्हणून.

महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला आपद्धर्म सांगताना याच विषयाची दुसरी, अधिक कठोर बाजू मांडतात. लोमश नावाचा बोका जाळ्यात अडकला आहे. पलित नावाचा उंदीर मोकळा आहे, पण एका बाजूला मुंगूस आणि दुसऱ्या बाजूला घुबड त्याच्यावर टपलेले आहे. उंदीर बोक्याशी करार करतो. बोक्याच्या पोटाशी दडून तो आपल्या दोन्ही वैऱ्यांना टाळतो आणि बदल्यात जाळे कुरतडतो, मात्र शेवटचा तंतू पारधी अगदी जवळ येईपर्यंत राखून ठेवतो. सुटका झाल्यावर बोका मैत्री पुढे चालवण्याची गोड भाषा करतो. उंदीर बिळातूनच उत्तर देतो की, शत्रू आणि मित्र जन्माने ठरत नाहीत, प्रयोजनाने ठरतात, आणि आपले प्रयोजन संपले. ज्या परंपरेने मित्रलाभ सांगितला तिनेच हेही सांगून ठेवले. सोबतीत स्नेह असू शकतो आणि नसूही शकतो, पण एकमेकांची गरज असावीच लागते, हे दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचणाऱ्याला कळत होते. पुढच्या दोन हजार वर्षांत हे शहाणपण अनेकदा हरवले. ते हरवत गेले, कारण वाचणाऱ्यांनी दोनपैकी एकच कथा जवळ ठेवली.

ग्रीकांनीही निरीक्षण केले होते. मगरीच्या उघड्या जबड्यात शिरून तिचे तोंड साफ करणाऱ्या पक्ष्याची हकिगत इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटसने लिहून ठेवली, आणि ॲरिस्टॉटलने शिंपल्यात राहणाऱ्या चिमुकल्या खेकड्याचा उल्लेख केला. इकडे सहाव्या शतकात पंचतंत्र इराणच्या दरबारात पहलवीत गेले आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ‘कलीला व दिम्ना’ या नावाने ते अरबीत आणले. दहाव्या शतकात बसरा येथील ‘इख्वान अस्-सफा’ या विद्वन्मंडळाने तर सगळ्या प्राण्यांना एकत्र करून माणसाविरुद्ध न्यायसभेत उभे केले. प्रत्येक जातीचा प्रतिनिधी तिथे आपले म्हणणे मांडतो. आपण एकटे या पृथ्वीचे मालक नाही ही शंका तेव्हा विद्वानांच्या मनात जिवंत होती. मात्र या सर्व कथांत प्राणी माणसाची भाषा बोलतात. त्यांची स्वतःची भाषा काय, ती एकमेकांना कळते का, हा प्रश्न त्या कथा विचारत नाहीत.

त्या प्रश्नाच्या जवळ नेणारी एक नोंद सोळाव्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर झाली. आजच्या मोझांबिकमधील सोफाला येथे जोआओ दुश सांतुश या पोर्तुगीज धर्मोपदेशकाला चर्चमधल्या मेणबत्त्यांचे मेण टोचणारा एक लहान पक्षी दिसला. आणि हाच पक्षी माणसाला हाका मारून, झाडावरून झाडावर उडत, मधाच्या पोळ्यापर्यंत घेऊन जातो हेही त्याने लिहून ठेवले. त्याचा ग्रंथ १६०९ साली छापला गेला. पोळे फोडायला माणसाचे हात आणि धूर लागतो, पोळे शोधायला पाखराचे डोळे लागतात. माणूस मध घेतो, पाखरू मेण आणि अळ्या खाते. या मधुदर्शक पक्ष्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

एकोणिसाव्या शतकात निसर्गाचा अभ्यास कथेतून बाहेर पडला, पण काळाच्या पूर्वग्रहांतून तो पडला नाही. हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने अॅमेझॉनच्या खोऱ्यात ११ वर्षे काढली आणि १८६३ साली आपला प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. सह्याद्रीत आज दिसतो तसाच मेळा त्याने तिथे पाहिला: दिवसभर सामसूम असलेल्या रानात अचानक अनेक जातींच्या पक्ष्यांची झुंड येते, प्रत्येक जण फांद्या, साली, पाने धुंडाळतो, आणि काही मिनिटांत झुंड नाहीशी होते. हे सर्व किडे शोधत हिंडतात हे बेट्सने बरोबर ओळखले. तिथल्या आदिवासींचे म्हणणे मात्र वेगळे होते. एक छोटा राखी पक्षी इतर सर्वांना मोहिनी घालतो आणि आपल्या मागून रानभर फिरवतो, असे ते सांगत. अर्धसंस्कृत लोकांची ही दंतकथा आहे, असा अभिप्राय देऊन बेट्सने ती बाजूला सारली. त्या राखी पक्ष्याला न्याय मिळायला आणखी शंभर वर्षे जावी लागली.

डार्विनने १८७१ च्या ग्रंथात भिन्न जातींचे प्राणीही एकत्र राहतात याची नोंद घेतली होती. अमेरिकेतली काही माकडे आणि कावळ्यांच्या कुळातल्या पाखरांत मिसळणाऱ्या साळुंक्यांच्या जातभाईंचे थवे ही त्याची उदाहरणे. पण गिरण्यांच्या धुराने भरलेल्या, वसाहतींसाठी चढाओढ करणाऱ्या युरोपला डार्विनमधले हे वाक्य ऐकायचे नव्हते. त्याला हर्बर्ट स्पेन्सरचा ‘बलिष्ठ तेवढा टिकेल’ हा मंत्र हवा होता. १८८८ साली टॉमस हक्स्लीने निसर्गाचे चित्र द्वंद्ववीरांच्या आखाड्यासारखे रंगवले. त्याला उत्तर दिले ते रशियाच्या हद्दपार सरदारपुत्राने, पीटर क्रोपोटकिनने. तरुणपणी सायबेरियात भटकताना त्याने हिमवादळांशी झुंजणारे कळप पाहिले होते, आणि तिथे त्याला आपसातल्या मारामारीपेक्षा आपसातला आधार अधिक दिसला होता. १८९० पासून लिहिलेल्या त्याच्या लेखांचा ‘परस्पर साहाय्य’ हा ग्रंथ १९०२ साली निघाला. दोघेही मोठे, दोघांचेही पुरावे खरे. पण हक्स्लीने भारहुतचा कठडा पाहिला नाही आणि क्रोपोटकिनने पलिताची सावधगिरी ओळखली नाही, असे आज मागे वळून म्हणावेसे वाटते.

याच दशकांत भारतात एक गोष्ट घडत होती, जिचा या वादाशी संबंध तेव्हा कोणी जोडला नाही. जहाजांसाठी साग हवा म्हणून १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनॉली यांच्या पुढाकाराने निलांबूरला सागाची लागवड सुरू झाली. १८६४ साली वनखाते उभे राहिले आणि डिट्रिख ब्रँडिस त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. ब्रँडिस अभ्यासू होते, उघड्या लुटीपेक्षा त्यांची शिस्त कितीतरी बरी होती, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या शिस्तीचा पाया असा होता की, रान म्हणजे लाकडाचा साठा, त्यातली उपयोगी जात वाढवायची आणि बाकीची जागा अडवते म्हणून काढायची. बेट्स अॅमेझॉनमध्ये अनेक जातींचा मेळा पाहून थक्क होत होता, त्याच सुमारास राज्यसंस्था आपल्याकडच्या मिश्र रानाला एका जातीच्या रांगांत बसवायला शिकत होती. या दोन घटनांचा परिणाम एकत्र समजायला दीड शतक लागले.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरे नेमकी होऊ लागली. १९६२ साली मार्टिन मॉयनिहन यांनी मध्य अमेरिकेतल्या मिश्र थव्यांचा बांधा उलगडला. अशा थव्यात सगळे सारखे नसतात. एक-दोन जाती गाभ्याच्या असतात, त्यांच्याभोवती बाकीचे जमतात, आणि गाभ्याच्या या जाती बहुधा दिसायला साध्या, फिक्या रंगाच्या असतात. पुढे पेरूच्या मानू अरण्यात चार्ल्स मन आणि जॉन टेरबर्ग यांनी पाहिले की, तिथले थवे वर्षानुवर्षे आपापल्या ठरलेल्या हद्दीत राहतात, सकाळी जमतात, संध्याकाळी पांगतात. आणि त्यांना हाक देऊन जमवणारा, ससाणा दिसताच सर्वांत आधी ओरडणारा पक्षी लहानसा आणि राखी रंगाचा असतो. अॅमेझॉनच्या आदिवासींनी मोहिनी म्हटले ते या जागल्याचे काम होते. शास्त्राने दंतकथेत टाकून दिलेले निरीक्षण शास्त्राच्याच हातून शंभर वर्षांनी खरे ठरले.

मग भिन्न जातींनीच एकत्र का यावे, याचेही उत्तर सापडले. १९७१ साली विल्यम हॅमिल्टन यांनी दाखवले की, कळपात शिरणारा प्रत्येक प्राणी आपल्या आणि शिकाऱ्याच्या मध्ये दुसरा कोणीतरी यावा एवढीच इच्छा धरत असला, तरी त्यातून कळप तयार होतो. डोळे जितके जास्त तितका पहारा प्रत्येकाला कमी द्यावा लागतो, आणि चरायला वेळ मिळतो. पण स्वजातीच्या गर्दीला मोल द्यावे लागते: सर्वांना तोच किडा हवा, तेच फळ हवे. परजातीचा सोबती डोळे आणि कान देतो आणि ताटात हात घालत नाही. शिवाय एकाने पान हलवले की दुसऱ्यासमोर किडा उडतो. भिन्नतेचे हे गणित पंचतंत्राच्या चौघांचेच आहे. पुढे २००९ साली हरी श्रीधर, गाय बोशाँ आणि कार्तिक शंकर यांनी जगभरच्या मिश्र थव्यांची माहिती एकत्र पडताळली, तेव्हा शिकाऱ्याची भीती हे या सोबतीमागचे एक बळकट कारण असल्याचे पुन्हा दिसून आले.

आपल्या मेळघाटात किंवा ताडोबात हे गणित उन्हाळ्यात उघड्या डोळ्यांनी पाहता येते. एप्रिलच्या दुपारी गवत वाळून करपलेले असते. ओढ्याकाठच्या झाडावर वानरांची टोळी कोवळी पाने, फुले, फळे ओरबाडत बसलेली असते. एक घास खाते आणि दोन खाली टाकते. त्या झाडाखाली चितळांचा कळप मान खाली घालून तो सांडलेला शिधा टिपत असतो. वानराला उंचावरून लांबचे दिसते. चितळाचे नाक वाऱ्यावरचा वास पकडते. वाघाची हालचाल दिसताच वानर खाकरल्यासारखे ओरडते, खालच्या सगळ्या माना एकदम वर होतात, एक पाय आपटतो, शेपट्या ताठ होतात. जिप्सीतला वाटाड्या हळूच म्हणतो, “कॉल आला.” जॉर्ज शॅलर यांनी १९६० च्या दशकात कान्हात चितळ आणि वाघाचा अभ्यास केला, आणि पुढे पॉल न्यूटन यांनी त्याच रानात वानर-चितळांच्या सोबतीचा हिशेब मांडला, चितळाचा लाभ अधिक, वानराचा थोडा. पण दोघांपैकी कोणालाही बरोबरीचा वाटा हवा आहे असे दिसत नाही. सोबत टिकायला दोघांचे काहीतरी भागावे लागते, तेवढे पुरते.

सोबतीत लबाडीही असते, आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. मानूचा राखी पहारेकरी कधीकधी ससाणा नसताना ससाण्याचा इशारा देतो, बाकीचे दडून बसतात आणि तो त्यांच्या समोरचा किडा उचलतो, असे मन यांनी १९८६ साली लिहिले. कालाहारीतला कोतवाल तर ज्याला फसवायचे त्याच्याच जातीची हाक काढतो. तरीही थवा त्याला सोडत नाही, कारण त्याचे बरेचसे इशारे खरे असतात आणि खऱ्या इशाऱ्याची किंमत जीव असते. पलिताने राखून ठेवलेला शेवटचा तंतू तो हाच. श्रीलंकेच्या सिंहराजा अरण्यात सरथ कोटगम आणि एबेन गुडेल यांनी वर्षानुवर्षे थवे मोजले. तिथे एकेका थव्यात दहा-बारा जाती आणि चाळीसेक पक्षी असतात, आणि तिथलाही पहारेकरी कोतवालांच्या कुळातला, इतर पक्ष्यांच्या हाका हुबेहूब काढून त्यांना गोळा करणारा आहे. आपल्या पूर्वजांनी या पक्ष्याला कोतवाल हे नाव ठेवले तेव्हा त्यांनी कोणताही प्रबंध लिहिला नव्हता. त्यांनी फक्त नीट पाहिले होते.

आणि सोबतीचा धागा रानाच्या हद्दीवर तुटत नाही. १८९० च्या दशकात बुळकांडीचा रोग पूर्व आफ्रिकेत पसरला, तेव्हा गुरांबरोबर रानातले विल्डबीस्टही मेले. पुढे गोठ्यातल्या गुरांना लस टोचली गेली आणि त्यामुळे सेरेंगेटीतल्या रानटी कळपांतला रोग हटला; १९६० च्या दशकारंभी अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेले. त्यांनी गवत खाल्ले, म्हणून वणवे कमी झाले, म्हणून झाडे पुन्हा उभी राहिली. तिथे झेब्रा उंच, जाड गवत आधी खातो, मागून विल्डबीस्ट येते, त्यामागून छोटी हरणे उरलेला कोवळा पाला खुडतात. या रांगेतला एक दुवा आजारी पडला तेव्हा सगळ्या माळाचे रूप पालटले, आणि तो बरा झाला तेव्हा ते पुन्हा पालटले. बुळकांडी जगातून संपल्याचे २०११ साली जाहीर झाले. त्या विजयाच्या बातम्यांत गवत, वणवे आणि झाडे यांचा उल्लेख क्वचितच आला.

या सगळ्या इतिहासाच्या शेवटी आपण उभे आहोत, आणि आपल्या हातात आता दोन निर्णायक पुरावे आहेत. पहिला ब्राझीलमधल्या मानाउसजवळचा. १९७९ साली टॉमस लव्हजॉय यांच्या पुढाकाराने तिथे एक दीर्घ प्रयोग सुरू झाला. कुरणांसाठी रान तुटत असताना त्यात एक, दहा, शंभर हेक्टरचे तुकडे मुद्दाम राखून ठेवले गेले. लहान तुकड्यांतले मिश्र थवे दोन-तीन वर्षांतच मोडले. थव्यातल्या काही जाती नाहीशा झाल्या, पण काही तिथेच राहिल्या, फक्त एकेकट्या. दुसरा पुरावा पेरूमधला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला. संशोधकांनी थव्यांतून राखी पहारेकरी तेवढे पकडून बाजूला ठेवले. बाकीचे पक्षी जिवंत होते, रान शाबूत होते, अन्न तेवढेच होते. तरी ते पक्षी मोकळ्या फांद्या सोडून दाट झाडोऱ्यात दडले. राखणदार गेला तेव्हा त्यांच्यासाठी अर्धे रानच नाहीसे झाले. आफ्रिकेतल्या मधुदर्शकाचे तेच. जिथे माणसाने रानातला मध गोळा करणे सोडले, तिथे त्या पाखराने वाट दाखवणेही सोडत आणले. पाखरू आहे, माणूसही आहे, आणि चारशे वर्षांपूर्वी छापलेली ती सोबत मात्र तिथून गेली.

सोबत जातीच्या आधी मरते. आपली सगळी व्यवस्था मात्र जाती मोजणारी आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा जातींच्या अनुसूचींवर उभा आहे. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ रानांत मेळघाट होते. वाघाच्या निमित्ताने आख्खे रान वाचले हे त्या योजनेचे मोठेपण आहे, आणि ते कोणी नाकारू नये. पण यशाचा आकडा वाघांचाच राहिला. महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत अनुक्रमे ४, १३ आणि ३३ कोटी, मिळून ५० कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला गेला. त्यामागच्या लोकसहभागाविषयी आदर बाळगूनच विचारले पाहिजे की, रोपांची संख्या मोजणारी ही दृष्टी आणि सागाच्या रांगा मोजणारी वनखात्याची जुनी दृष्टी यांत मूलतः फरक काय? एका जातीच्या लागवडीत वठलेली फांदी नसते, म्हणून सुतार नाही. खालची झुडपे साफ केलेली असतात, म्हणून नाचण नाही. आणि राखायला कोणी नाही, म्हणून भृंगराजही नाही. उपग्रहाच्या छायाचित्रात ते सगळे हिरवेच दिसते. आणि तुकड्या-तुकड्यांत उरलेल्या रानात पक्ष्यांची यादी करणारा सकाळभर फिरून एकेक पक्षी टिपेल आणि दहाच्या दहा नावे लिहील. ते दहा जण आता एकत्र येत नाहीत, यासाठी त्याच्या वहीत रकाना नाही.

तो रकाना आखणे हे पहिले काम. रस्ता, खाण किंवा धरण यांच्या परवानगीसाठी जेव्हा रानाची पाहणी होते तेव्हा कोणत्या जाती आढळल्या याबरोबर त्या कोणाच्या सोबतीने आढळल्या हेही लिहिले गेले पाहिजे. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, थोडा अधिक वेळ उभे राहावे लागते. दुसरे काम आपल्या दाराशी आहे. सह्याद्रीच्या गावोगाव देवराया आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास करून त्या जुन्या, मिश्र रानाच्या जिवंत ठेवी आहेत हे दाखवून दिले. देवराईत वठलेले झाड पाडत नाहीत, वेल तोडत नाहीत, पाला झाडत नाहीत. देवाच्या धाकाने का होईना, पण सोबतीला लागणारा सगळा पसारा तिथे शाबूत राहतो. आज जीर्णोद्धाराच्या नावाखाली तिथे सिमेंटचे मोठे देऊळ, फरसबंदी आणि वाहनतळ होताना दिसतात, आणि देव राहून राई जाते. ओढ्याच्या दोन्ही काठांचे रान अखंड ठेवून एक राई दुसरीला जोडणे, लागवडीत निदान जवळच्या रानातल्या अनेक जाती घेणे आणि खालची झुडपे न काढणे, ही कामे ग्रामसभेच्या आवाक्यातली आहेत.

यात निराश होण्याचे कारण नाही, हेही मानाउसनेच दाखवले. त्या एकाकी तुकड्यांभोवतीची कुरणे काही वर्षांनी ओस पडली आणि तिथे नवे, कोवळे रान वाढले. ते जुन्या रानासारखे नव्हते, त्याला आणखी शतक लागेल. पण दोन झाडोऱ्यांमधले उघडे अंतर मिटले, आणि मोडलेले थवे त्या तुकड्यांत पुन्हा दिसू लागले. पाखरांना कोणी बोलावले नाही. माणसाने मधला मोकळा पट्टा पुन्हा साफ केला नाही, एवढेच घडले. भारहुतच्या शिल्पात कासव वादी कुरतडत असते तोवर सुतार पारध्याला उशीर करत राहतो. फास तोडण्याचे काम त्याचे नाही, वेळ मिळवून देण्याचे काम त्याचे आहे. आपल्या वाट्याला आज त्या सुताराचे काम आले आहे.